नांव नसलेलें झाड

मत्तय, अध्याय ७ वा, ओव्या १६ ते २०



वरील शास्त्रभाग आपणांपैकीं पुष्कळांस तोंडपाठ असेल. झाडाची ओळख त्याच्या फळावरून होते, असें प्रभु तेथें शिकवितो. हें शिक्षण आपण बहुधा दुसऱ्यांस लावितों. शेजाऱ्याच्या कुंपणांतलें झाड कसलें आहे, हें ठरविण्याची आपणांस मोठी हौस असते. परंतु फळावरून झाड ओळखणें हें काम प्रत्यक्षांत किती धीराचें आहे, त्यांत किती चुका होतात, आणि ओळख पटण्याच्या पुष्कळ आधीं देव आपणांस त्या झाडाचीं फळें कशीं खावयास देतो, याचा विचार आपण क्वचितच करितों. म्हणून आज एका दूरच्या बेटावरील सफरचंदाच्या झाडाची हकीकत आपणांपुढें ठेवावी असें आम्हीं योजिलें आहे. तें झाड आम्हीं डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं, हें आरंभींच सांगून टाकितों. पण त्याची हकीकत पुष्कळ ठिकाणीं छापून आली आहे.

आम्हां देशावरच्या लोकांस सफरचंद ठाऊक आहे तें बहुतेक दुखणाइताच्या उशाशीं. कोणी इस्पितळांत पडला म्हणजे बाजारांतून चार तांबडीं सफरचंदें आणावयाचीं, आणि त्यांतलीं निम्मीं भेटीस आलेल्या पोरांनीं खावयाचीं, एवढाच आपला त्या फळाशीं संबंध. परंतु ज्या थंड मुलखांत हें झाड परसांत वाढतें, तेथें त्याच्या हजारों जाती आहेत. कांहीं पिवळ्या, कांहीं हिरव्या, कांहींची साल बटाट्यासारखी खरबरीत व भुरी; कोणी श्रावणांतच पिकतें, तर कोणी झाडावरून उतरल्यावरही माघापर्यंत कडक राहतें. इंग्लंडांत केंट परगण्यांत ब्रॉगडेल म्हणून एक ठिकाण आहे. तेथें राष्ट्रीय फळसंग्रह असून त्यांत सफरचंदाच्या २,००० हून अधिक जातींचीं झाडें राखिलेलीं आहेत. एदेन बागेंतलें तें फळ सफरचंदच होतें अशीं चित्रें आपण पाहतों. पण उत्पत्तीच्या पुस्तकांत त्या फळाचें नांव कोठेंच दिलेलें नाहीं. तेव्हां या बिचाऱ्या झाडावरचा तो आरोप आपण सोडून देऊं.

आतां ती हकीकत. इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ देश आहे. इ. स. १८४१ मध्यें खासी लोकांस शुभवर्तमान सांगावयास जे टॉमस जोन्स आले, ते वेल्सचेच. या देशाच्या वायव्येस लीन नांवाचें भूशिर समुद्रांत दूरवर गेलें आहे, आणि त्याच्या टोंकापासून सुमारें दोन मैलांवर एक लहान बेट आहे. वेल्श लोक त्यास एन्ली म्हणतात, इंग्रज बार्डसी म्हणतात. मधल्या पाण्यास ओढ इतकी कीं, वारा फिरला म्हणजे दिवसचे दिवस होडी जातयेत नाहीं. जुन्या काळीं त्या बेटावर मठ होता. यात्रेकरू जीव मुठींत धरून तेथें जात, व वीस हजार संत त्या मातींत पुरलेले आहेत अशी दंतकथा आहे. इ. स. १५३७ मध्यें आठव्या हेन्री राजाच्या अमदानींत तो मठ मोडला. पुढें तेथें शेतकरी व कोळी राहिले. त्यांच्याविषयीं अशी गोष्ट सांगतात कीं, इ. स. १८७० नंतर बेटाचे मालक लॉर्ड न्यूबरो यांनीं त्यांस विचारिलें, तुम्हांस होड्यांसाठीं धक्का बांधून देऊं कीं प्रार्थनामंदिर? त्यांनीं मंदिर मागितलें. १८७५ सालचें तें मंदिर अजून उभें आहे. (धक्का मागितला असता तरी त्यांस कोणीं दोष देऊं नये, असें आमचें मत आहे.)

त्याच बेटावर प्लास बाख नांवाचें एक जुनें घर आहे. त्याच्या भिंतीस टेकून, खाऱ्या वाऱ्यानें वांकडेंतिकडें झालेलें, गांठाळ असें सफरचंदाचें एक झाड कित्येक वर्षें उभें होतें. तें कोणास दिसत नव्हतें असें नव्हे. दिसत होतें; पण हें सफरचंदाचें झाड आहे, यापलीकडे कोणीं चौकशी केली नव्हती. इ. स. १९९८ मध्यें मात्र ही गोष्ट लक्षांत आली कीं, झाड म्हातारें, जागा ओलसर व वाऱ्याची, तरी याच्या फळांवर रोगाचें चिन्ह म्हणून नाहीं. त्या ओल्या मुलखांत फळावर काळे डाग पडणें व फांदीची साल कुजणें हें नित्याचें आहे. म्हणून तीं फळें एका जाणत्या बागवानाकडे गेलीं. त्यास ओळख पटेना. तेथून तीं ब्रॉगडेलास गेलीं. सफरचंदांवर ज्यांनीं मोठा ग्रंथ लिहिला आहे त्या डॉ. जोन मॉर्गन यांनीं तीं तपासलीं, आणि पुढल्या वर्षीं निकाल आला कीं, नोंदलेल्या कोणत्याही जातीशीं हें फळ जुळत नाहीं. जगांतलें अत्यंत दुर्मिळ झाड म्हणून वर्तमानपत्रांनीं लागलेंच त्याचा गाजावाजा केला.

फळ कसें आहे म्हणाल, तर फिकट सालीवर गुलाबी झांक, अंगास किंचित धारा, आणि वास लिंबासारखा. आतां त्यास बेटाचेंच नांव मिळालें आहे. झाडाच्या काड्या घेऊन कलमें बांधलीं व तीं दूरदूरच्या बागांत वाढत आहेत. मठाच्या बागेंतलें हें शेवटचें झाड असावें असें म्हणावयास पुष्कळांस आवडतें. असेलही, पण त्यास पुरावा नाहीं, आणि पुराव्यावांचून संतांचें नांव झाडास चिकटविणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

या हकीकतींत आमचें मन कोठें गुंतलें तें सांगतों. १९९८ पूर्वीं तें झाड काय करीत होतें? फळ देत होतें. विद्वानांचा निकाल आल्यावर काय करूं लागलें? तें पूर्वीप्रमाणेंच फळ देत राहिलें. नांव मिळालें म्हणून त्याचा रस वाढला नाहीं, आणि नांव नव्हतें तेव्हां त्याचा सुवास उणा नव्हता. प्रभूनें नथनेलास सांगितलें होतें कीं, फिलिप्पानें तुला हांक मारण्यापूर्वीं, तूं अंजिराखालीं होतास तेव्हांच, मीं तुला पाहिलें. योहानाच्या पहिल्या अध्यायांतला तो प्रसंग आम्हांस वरचेवर आठवतो. माणसाची वही उघडण्यापूर्वीं त्याची दृष्टि त्या झाडावर होती.

एखाद्या फळझाडास नांवच नसावें, हें होतें कसें? कोंकणांत ज्यांचें जाणेंयेणें आहे त्यांस हें सांगावयास नको. हापुसाची कोय पेरिली तर हापूस उगवत नाहीं, रायवळ उगवतो. म्हणून हापुसाचें कलम बांधावें लागतें. सफरचंदाचेंही तसेंच आहे. त्याच्या फुलास बहुधा दुसऱ्या जातीच्या झाडाचे पराग लागतात, तेव्हां फळ धरतें; आणि मधमाशी ते पराग कोठून आणील याचा नेम नाहीं. म्हणून एका फळांत आठ बिया असल्या तर आठ निराळीं झाडें समजावीं. ज्या जातींस नांवें आहेत, त्यांचीं सर्व झाडें एकाच मूळ झाडाच्या काड्यांपासून, कलमावर कलम बांधीत आलेलीं असतात. याच्या उलट, वाटसरूनें खाऊन टाकिलेल्या गाभ्यांतून जें उगवलें, त्याचें नांव कोणत्याही वहींत सांपडावयाचें नाहीं. कारण तसें झाड जगांत पूर्वीं नव्हतेंच. आपल्या खेड्यांत बांधावरच्या रायवळ आंब्यांस लोक आपणच नांवें देतात: शेंदऱ्या, साखऱ्या, खोबऱ्या. तीं नांवें फळ खाऊन दिलेलीं असतात.

मग ओळखावयाचें झाल्यास जाणते लोक काय करितात? प्रथम ते फळाकडे पाहतच नाहींत. झाड कोठें उभें आहे तें पाहतात. जुन्या बागेंत ओळीनें लाविलेलें असेल तर कोणीं तरी तें विकत आणिलें असलें पाहिजे, व त्यास बहुधा नांव असतें. कुंपणांत किंवा आगगाडीच्या रुळांच्या कडेस असेल तर तें पडलेल्या बियेचें असण्याचा संभव फार. नंतर बुंध्याशीं वांकून पाहतात. जमिनीपासून थोड्या उंचीवर फुगीर गांठ असली, किंवा खालची व वरची साल निराळी दिसली, तर तेथें कलम बांधलें होतें असें समजतात. मग फळाची पाळी येते. एका फळावर ते कधीं निकाल देत नाहींत. निरनिराळ्या फांद्यांवरचीं, देंठासकट, न किडलेलीं व न पडलेलीं अशीं पांचसहा फळें घेतात. पिकल्याची खूण अशी कीं, फळ तळहातावर धरून किंचित उचलून फिरविलें कीं देंठ आपण होऊन सुटतो. ओढावें लागलें तर वेळ भरली नाहीं. देंठ लांब कीं आंखूड, तो बसतो ती खांच खोल कीं उथळ, दुसऱ्या टोंकास वाळलेल्या फुलाचा जो डोळा असतो तो मिटलेला कीं उघडा, साल कोरडी कीं हातास तुपकट लागणारी, हें सर्व पाहतात. मग एक फळ उभें चिरतात व दुसरें आडवें. आडवें चिरलें म्हणजे आंत पांच घरांची चांदणी दिसते. तीं घरें मध्याकडे उघडीं आहेत कीं बंद, बिया तपकिरी झाल्या कीं अजून पांढऱ्या, हेंही टिपून ठेवितात. रंगावर मात्र ते फारसा भरंवसा ठेवीत नाहींत. एकाच झाडाचें उन्हाकडचें फळ तांबडें होतें व सावलींतलें हिरवें राहतें. आपल्या देशांत वधू पाहतांना देखील रंगावर आधीं बोट ठेवण्याची चाल आहे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

आणखी एक. ज्या झाडाकडे वीसतीस वर्षें कोणीं लक्ष दिलें नाहीं, त्याचीं फळें दाट, बारीक व बेढब येतात. तीं आपल्या जातीसारखीं दिसत देखील नाहींत. अशा वेळीं जाणता मनुष्य निकाल देत नाहीं. तो म्हणतो, आधीं वाळलेल्या फांद्या काढा, आंत उजेड जाऊं द्या. पण सर्व एकदम छाटूं नका. दोनतीन हिवाळ्यांत थोडथोडें करा, नाहीं तर झाड नुसते उभे फोक फेंकील व फळ धरणार नाहीं. फळ आपल्या रूपास आलें म्हणजे मग ओळखूं. लूकाच्या तेराव्या अध्यायांतील माळ्यानें अंजिराच्या झाडासाठीं धन्यापाशीं एक वर्ष मागून घेतलें, व खणून खत घालण्याचें पत्करलें, तें याच जातीचें काम होय. झाडाची परीक्षा होऊं नये असें तो म्हणाला नाहीं. परीक्षेपूर्वीं आपला घाम गाळावयास तयार झाला. उपदेशक बंधूंनो, अमुक कुटुंब थंड आहे असा अहवाल आपण लिहून पाठवितों, तेव्हां त्या कुटुंबाच्या मुळाशीं आपण किती वेळां खणलें, हेंही त्या कागदावर लिहितों काय?

अलीकडे पानावरूनही ओळख पटवितात. कोवळें पान प्रयोगशाळेंत धाडिलें म्हणजे त्यांतील डीएनए काढून ज्ञात जातींच्या नोंदींशीं ताडून पाहतात. यायोगें कित्येक जुन्या झाडांस हरवलेलीं नांवें परत मिळालीं आहेत. तरी कित्येकांविषयीं जबाब असाच येतो कीं, कशाशींही जुळत नाहीं. शास्त्रानें आपलें काम चोख केलें. वहींत जें नाहीं तें वही कोठून सांगणार?

चवीची गोष्ट राहिली, व ती मोठी आहे. कांहीं सफरचंदें झाडावरच खावीं अशीं असतात. आठ दिवस ठेविलीं तर पिठूळ होतात. उलट कांहीं अशीं कीं, ऑक्टोबरांत चावा घेणारा तोंड वांकडें करितो आणि झाड तोडून टाका म्हणतो. तेंच फळ थंड व अंधाऱ्या खोलींत, एकाला एक न लागेल असें मांडून ठेवावें, आणि जानेवारींत पाहावें, तर आंबटपणा उतरलेला, साल पिवळी झालेली, व दार उघडतांच खोलीभर वास. आपण आंबे अढींत घालतों तसाच हा प्रकार. मात्र आपली अढी आठपंधरा दिवसांची व ही तीन महिन्यांची. म्हणून अनोळखी झाडाचीं फळें हातीं आलीं म्हणजे तिकडील शहाणीं माणसें सर्व एका दिवशीं चाखून मोकळीं होत नाहींत. कांहीं लागलींच खातात, कांहीं शिजवून पाहतात, आणि राहिलेलीं ठेवून देऊन दर पंधरवड्यास एक चिरतात. त्यांस नांव कळो वा न कळो, तोंवर घरांतलीं मुलें फळ खात असतात. नांव लागेपर्यंत उपाशी राहा असें कोणी सांगत नाहीं. आम्हांस वाटतें, देवाचीं दानें घेण्याची हीच खरी रीत आहे. उपकार मानावे, खावें, वांटावें, आणि चौकशीही चालूं ठेवावी.

आणि जें कधींच गोड होत नाहीं, तेंही टाकाऊ असतेंच असें नाहीं. इंग्लंडांत साउथवेल नांवाचें एक गांव आहे. इ. स. १८०९ मध्यें तेथें मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नांवाच्या मुलीनें सफरचंदाच्या बिया पेरिल्या, व त्यांतून एक झाड आलें. पुढें १८४६ मध्यें तें घर मॅथ्यू ब्रॅम्ली नांवाच्या खाटकानें विकत घेतलें. दहा वर्षांनीं हेन्री मेरीवेदर नांवाच्या एका तरुण रोपे विकणाऱ्यानें त्या झाडाच्या काड्या मागितल्या. खाटकानें त्या दिल्या. मात्र फळास आपलें नांव द्यावें अशी अट घातली. तें फळ कच्चें खाल तर दांत आंबतात. पण चुलीवर ठेविलें कीं लोण्यासारखें विरघळतें. आज इंग्लंडांत स्वयंपाकाचें सफरचंद म्हटलें कीं ब्रॅम्ली. १९०० सालीं तें मूळ झाड वादळांत पडलें, तरी आडवें पडल्या जागीं पुन्हा फुटून उभें राहिलें. जिनें बीं पेरिलें तिला जिवंतपणीं यांतलें कांहींच कळलें नाहीं. फळावर खाटकाचें नांव राहिलें याचा आम्हांस राग येत नाहीं. त्यानें काड्या तर दिल्या. पण आमच्यापैकीं जे उपदेशक एखाद्या वस्तींत दहादहा वर्षें बीं पेरून बदलून जातात, व ज्यांच्या मागून आलेल्यांच्या नांवावर बाप्तिस्मे लागतात, त्यांनीं साउथवेलच्या त्या मुलीची आठवण ठेवावी.

आतां याची दुसरी बाजू, व ती आम्हां जुन्या ख्रिस्ती घराण्यांस अधिक लागू आहे. कलमी झाडांत वरची काडी उत्तम जातीची असते व खालचा खुंट दुसऱ्या कोणत्या तरी जातीचा असतो. कधीं कधीं थंडीनें किंवा गुरांच्या तोंडीं लागून वरचा भाग मरतो, आणि खालच्या खुंटास धुमारे फुटून त्यांचेंच झाड होतें. झाड हिरवेंगार दिसतें. बुंध्याशीं बांधलेली पाटी तशीच लोंबत असते. पाटीवर नांव उत्तम फळाचें, फांदीवर फळ खुंटाचें. आणि धनी वर्षानुवर्षें पाटी वाचून समाधान मानितो. आमचे आजोबा अमुक साहेबांच्या हातचे, आमचें नांव पहिल्या नोंदवहींत तिसरें, असें बोलतांना आम्हीं अनेकांस ऐकिलें आहे, व खरें सांगावयाचें तर स्वतः बोललोंही आहों. पौलानें रोमकरांस लिहितांना, अकराव्या अध्यायांत, कलमाचाच दृष्टांत घेतला आहे. पण तो बागवानाच्या रीतीच्या उलट. बागवान रानटी खुंटावर चांगली काडी बांधितो. पौल म्हणतो कीं, रानटी जैतुनाची फांदी देवानें चांगल्या झाडास लाविली, आणि हें सृष्टिक्रमाच्या विरुद्ध आहे हें तो स्वतःच कबूल करितो. त्या फांदीनें इतर फांद्यांपुढें फुशारकी मारूं नये, असें तो तिला बजावतो. आपण सर्व या देशांतले विश्वासी तीच फांदी आहों. आधीं लागलेल्या फांदीनें मागून लागलेल्या फांदीस दाखला विचारावा, हें जरा विचित्रच आहे.

तरी आम्हीं दाखला विचारिला. हें सर्व आम्हांस सुचलें तें एका म्हाताऱ्या बाईमुळें, आणि तिची गोष्ट सांगतांना आमचीच चूक सांगावी लागते.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या देखरेखीखालच्या एका खेड्यांत ती आपल्या भाच्याकडे राहावयास आली. आपलें वय किती याचा तिलाच पत्ता नव्हता. प्रभुभोजनाच्या पहिल्याच रविवारीं ती पुढें येऊन बसली. आम्हीं तिला बाजूस घेऊन विचारिलें, “आजीबाई, तुमचा बाप्तिस्मा कोठें झाला?”

“नदीवर.”

“कोणत्या नदीवर?”

“आतां पाळकसाहेब, पाणी होतं एवढं खरं.”

बाप्तिस्मा देणाऱ्याचें नांव तिला आठवेना. ते उंच होते व त्यांस खोकला होता, एवढें तिच्या ध्यानांत होतें. दाखला नव्हता. तिनें सांगितलेल्या गांवच्या मंडळीस आम्हीं पत्र धाडिलें. उत्तर आलें कीं, त्या काळची वही वाळवीनें खाल्ली. दुसऱ्या ठिकाणीं पत्र धाडिलें, त्याचें उत्तरच आलें नाहीं. पंचांत दोन तट पडले. एक वडील पंच म्हणाले कीं, आज हिला घ्याल तर उद्यां बाजारांतला कोणीही येऊन बसेल. त्यांचें म्हणणें आम्हांस अगदींच खोटें वाटलें नाहीं, व अजूनही वाटत नाहीं. प्रभूचें मेज राखणें हें पाळकाचें कर्तव्यच आहे. पण आम्हीं केलें काय? आम्ही कागदाची वाट पाहत बसलों. चौदा महिने ती बाई प्रत्येक प्रभुभोजनास दाराशीं, जेथें वहाणा काढितात तेथें बसे, आणि ताट तिच्याजवळून मागें फिरे.

त्या चौदा महिन्यांत आम्हीं फळ हातीं घेऊन पाहिलेंच नाहीं. पाहिलें असतें तर खुणा होत्या. प्रभूची प्रार्थना ती म्हणे ती हल्लींच्या शब्दांत नव्हे. जुन्या भाषांतरांतले ते शब्द आम्हीं सेमिनरींत असतांना कपाटांतल्या पुस्तकांत तेवढे पाहिले होते. असे शब्द कोणी वाटेंत उचलीत नाहीं. कोणीं तरी पुष्कळ वर्षांपूर्वीं तिला बसवून ते शिकविले होते. त्याच शब्दांत ती वस्तींतल्या पोरांस रात्रीं ओट्यावर प्रार्थना शिकवी, आणि आमचा तरुण उपदेशक दुसऱ्या दिवशीं शाळेंत त्यांच्या चुका दुरुस्त करी. पुढें दिवाळीनंतर ते वडील पंच तापानें अंथरुणास खिळले. मुलगे व सुना ऊसतोडीस गेलेल्या, घरांत दुसरें कोणी नाहीं. ही बाई रोज सकाळीं तांब्याभर आंबील घेऊन त्यांच्या दारीं जाई. ते आपल्याविषयीं काय बोलले होते तें तिला ठाऊक होतें. खेड्यांत असलें कांहीं लपून राहत नाहीं.

बरे झाल्यावर त्यांनींच बैठकींत विषय काढिला. “पाळकसाहेब, त्या दुसऱ्या पत्राचं काय झालं?”

“उत्तर नाहीं आलें, दादा.”

ते कांहीं वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग आतां आणखी कोणाला लिहायचं?”

पुढल्या प्रभुभोजनास ती सर्वांबरोबर पुढें बसली. ताट तिच्याकडे आलें तेव्हां तिनें तें घेतलें, खाल्लें, आणि शेजारच्या बाईच्या हातीं दिलें. जणूं मधले चौदा महिने झालेच नव्हते. उपासना संपल्यावर आम्ही तिचें नांव वहींत चढवावयास बसलों. लिहिणारा नुकताच शाळा सोडलेला पोर होता. नांव व गांव लिहून तो बाप्तिस्म्याच्या रकान्यापाशीं थांबला व आम्हांस विचारूं लागला, येथें ‘अज्ञात’ लिहूं काय? म्हातारी जवळच खांबास टेकून बसली होती. ती म्हणाली, “अज्ञात कशाला रे बाळा? देणाऱ्यानं दिला, मी घेतला. मला विसर पडला, असं लिही.”

पोरानें आमच्याकडे पाहिलें, आणि तसेंच लिहिलें. आमच्या त्या वहींत तिच्या नांवापुढें अजून तेच शब्द आहेत.